एरियलवाल्याच्या घरचं चित्र

गल्लीत त्यांना सगळे पिनकाका म्हणत. शाळेच्या दाखल्यावर दुसरं काहीतरी नाव असणारच, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली कुणाच्या ऐकिवात नाही. चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर आणि छपरांवर टीव्हीचे एरियल बसवायचे, वाकलेले सरळ करायचे, तुटलेल्या तारा जोडायच्या, हा त्यांचा धंदा. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी पिन काढा."

घरमालक म्हणायचा, "स्विच बंद केलाय हो काका."

"स्विचवर कोण विश्वास ठेवतो? पिन भिंतीतून काढा आणि माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर ठेवा. एरियलच्या बूस्टरची पण काढा. मग मी तारेला हात लावतो."

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, हा माणूस टीव्हीला हात लावायच्या आधी जावयासारखा रुसून बसतो. काका आपले पिन निघेपर्यंत उंबऱ्यात उभे. चहा पुढे आला तरी घ्यायचे नाहीत.

हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. त्यांचा एक जोडीदार होता, दोघं मिळून कामं करायचे. एकदा काका खाली वायर कापत होते आणि जोडीदार वर एकटाच लांब पाइप उभा करत होता. पाइप कलला आणि रस्त्यावरच्या विजेच्या तारेला टेकला. काकांनी वर मान करेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा काकांची मुलगी पाळण्यात होती. त्या दिवसापासून काकांनी स्वतःला नियम घालून घेतले आणि ते नियम देवधर्माच्या वरताण पाळले. एकट्यानं वर जायचं नाही. शिडीचं डोकं बांधल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय नाही. आभाळात ढग असला तर काम उद्या. चित्र लागलं की नाही हे खालून कुणीतरी ओरडून सांगायचं, आणि "आलं!" असं ऐकू आलं की हात तिथल्या तिथे थांबवायचा.

गंमत अशी की सगळ्या वस्तीला आरशासारखं चित्र लावून देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी टीव्हीवर कायम थोड्या मुंग्या, म्हणजे पांढरे वळवळते ठिपके, असायच्या. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! काका म्हणायचे, "आपल्या घराची जागाच खोलगट आहे, लहरी पोचत नाहीत." काकू मान डोलवायच्या. घरचा एरियल लावताना खालून ओरडायचं काम काकूंचं असे. खुर्ची टीव्हीसमोर, मागची खिडकी उघडी, वरून काका विचारणार "आलं का?" आणि खालून काकू सांगणार, "आलं, आलं! उतरा!"

आता काका चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि एरियलचा धंदा कधीच बुडाला होता. गल्लीत एकूण दोन एरियल उरले होते. त्यातला एक कावळ्यांना बसायला होता आणि दुसरा काकांचा.

काकूंना विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजारणींची नावं, मग मुलीचं नाव. काकांचा नंबर शेवटी लागला. एके सकाळी काकूंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला कोण हवंय?" काकांना वाटलं, थट्टा करतेय. ते हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

पण दिवस निघत होते. सकाळी काका काकूंची वेणी घालायचे, वाकडीतिकडी का होईना. दुपारी ताटलीत एक एक घास करून भरवायचे. आणि संध्याकाळी टीव्ही. तो जुना डब्बा लावला, त्यावर माणसं हलायला लागली की काकू झोपेपर्यंत खुर्चीतून उठायच्या नाहीत. मुलीनं मध्ये एक मोठा सपाट टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला होता. काकूंना तो टीव्ही वाटलाच नाही. त्या खिडकी समजून त्यात डोकवायच्या आणि "कोण हवंय?" म्हणून विचारायच्या. आठवड्यात तो परत गेला आणि डब्ब्यानं आपली जागा धरली.

मग तीन दिवसांपूर्वी जोराचा वारा सुटला आणि डब्ब्यावरचं चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. आणि त्याच संध्याकाळी काकू पहिल्यांदा घराबाहेर गेल्या.

काका आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर येऊन पाहतात तर खुर्ची रिकामी आणि फाटक उघडं. काकू रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, मान वर करून. दुसऱ्या दिवशीही तेच. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं हाताला धरून आणून सोडलं. तो म्हणाला, "काका, वर बघत उभ्या होत्या. पाखरं बघत असतील." तिसऱ्या दिवशी एका टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. काकू पडल्या नाहीत, पण टेम्पोतल्या काचा फुटल्या आणि ती बातमी मुलीपर्यंत पोचली.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांची घाई ऐकायची. मनानं वाईट नव्हती, पण दमली होती. तिनं एक संस्था पाहून ठेवली होती, जिथं अशा माणसांना सांभाळतात. तिथं एक खाट रिकामी झाली होती आणि उद्या सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"तिला तिथं कुणी ओळखत नाही," काका फोनवर म्हणाले.

"बाबा, ती तरी कुणाला ओळखते?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "टीव्ही बिघडलाय ना, म्हणून होतंय हे सगळं. चित्र असलं की ती हलत नाही. तूच बघितलंयस."

मुलगी म्हणाली, "बरं. आज संध्याकाळी येते मी. सात ते आठ तिच्याजवळ बसते. ती खुर्चीतून उठून दाराकडे गेली नाही, तर खाट नको म्हणून सांगते. पण गेली, तर तुम्ही मला अडवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि गच्चीवर चढायचं नाही. सांगून ठेवतेय."

"मी कशाला चढतोय या वयात?" काका म्हणाले आणि फोन ठेवून हत्यारांची पिशवी शोधायला लागले.

चार वाजले होते. ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं. काकांनी नियमाप्रमाणे टीव्हीची पिन काढली, बूस्टरची पिन काढली आणि दोन्ही काकूंच्या हातात दिल्या. "ह्या धर. सोडायच्या नाहीत."

काकूंनी त्या मांडीवर धरून ठेवल्या. काम दिलं की त्या अजूनही ते मनापासून करायच्या.

आधी खाली शोधायचं, मग वर, हीसुद्धा काकांची जुनी शिस्त. काखेत कळसा आणि गावाला वळसा नको. दहातल्या सात घरी बिघाड टीव्हीच्या मागेच सापडतो. त्यांनी डब्बा पुढे ओढला, केबलचं टोक सोडवलं, चष्मा पुसून उजेडात धरलं. खरंच तिथं खोट होती. बाहेरच्या, बारीक तारांच्या जाळीचा एक केस सुटून मधल्या तांब्याच्या तारेला चिकटला होता. एवढंसं पुरतं, जाळी आणि मधली तार एकमेकींना भेटल्या की चित्र मेलंच म्हणायचं. त्यांनी टोक कापलं. पूर्वी चाकूच्या एका फेरीत वरचं आवरण निघायचं आणि आतल्या जाळीला ओरखडाही यायचा नाही. आता तसं होईना. पहिल्यांदा जाळी कापली गेली, दुसऱ्यांदा मधली तारच तुटली, तिसऱ्यांदा जमलं. जाळी मागे दुमडली, एकही केस पुढे येत नाही हे बोटानं चाचपलं, नवा जोड बसवला, स्क्रू आवळला.

काकूंच्या हातातून पिना घेऊन त्यांनी लावल्या. खटका दाबला.

मुंग्या.

म्हणजे वरही खोट होती. काका खुर्चीच्या हातावर टेकले. वर जायचं तर एकट्यानं जायचं नाही, हा पहिला नियम. त्यांनी मनातल्या मनात सगळी गल्ली फिरून पाहिली. शिंपी दुकान बंद करून गेला होता. समोरचे गुडघ्यांनी अधू. बाकीच्या घरांत दिवसा कुलपं. शेवटी त्यांची नजर काकूंवर आली आणि ते स्वतःशीच म्हणाले, दोन माणसं पाहिजेत ना? आहोत की आम्ही दोघं.

पिना पुन्हा निघाल्या, पुन्हा काकूंच्या मांडीवर गेल्या. फाटकाला आतून कुलूप लावताना काकांना लाज वाटली. बायकोला कोंडून कामाला जाणाऱ्या माणसांना त्यांनी आयुष्यभर नावं ठेवली होती. किल्ली खिशात टाकून ते शिडी घेऊन गच्चीवर गेले.

एरियल पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर होता. सात पायऱ्यांची शिडी. रस्त्यावरची विजेची तार पलीकडच्या बाजूला, लांब. तरी त्यांनी नजरेनं अंतर दोनदा मोजलं. शिडीचं डोकं टाकीच्या लोखंडी कडीला बांधलं, गाठ ओढून पाहिली, रबरी तळव्यांचे बूट घातले आणि वर चढले. एक हात सतत पाइपला.

जोडावरची टेप वाऱ्यानं सोलून काढली होती. आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं आणि तार मधूनच तुटली होती. काकांनी हिरवा भाग पार कापून टाकला, आतलं लालसर तांबं दिसेपर्यंत. नवा जोड बसवला. वरून टेप गुंडाळली ती खालून वर, म्हणजे एकावर एक येणाऱ्या कडा पाणी बाहेरच्या बाहेर उतरवतात. वरून खाली गुंडाळणाऱ्याला काका अडाणी म्हणायचे. खाली केबलला थोडा झोळ ठेवला, तिथून पाणी टपकून जावं म्हणून. दहा मिनिटांचं काम तासभर चाललं, पण झालं ते असं की कुणी नाव ठेवू नये. आयुष्यात बाकी सगळं हातातून सुटत असताना एक जोड तरी पक्का बसला, या विचारानं त्यांना जरा बरं वाटलं.

मग खाली उतरून त्यांनी पिना लावल्या, टीव्ही सुरू केला, आवाज बंद केला, मागची खिडकी उघडली. काकूंच्या खुर्चीपुढे उकिडवं बसून म्हणाले, "मी वर एरियल फिरवतोय. इथं चित्र दिसलं की ओरडायचं. काय ओरडायचं?"

काकू मुंग्यांकडे पाहत राहिल्या.

काका पुन्हा सात पायऱ्या चढले. वाऱ्यानं एरियलचं तोंड कुठल्या कुठे फिरवलं होतं. नट ढिला करून त्यांनी पाइप बोटभर वळवला.

"आलं का?"

खालून काही नाही. आणखी बोटभर.

"आलं का गं?"

काही नाही. काकांना माहीत होतंच. कुणाला विचारतोय आपण? सहा महिन्यांत तिनं एका प्रश्नाला धड उत्तर दिलेलं नाही. तरी त्यांनी सवयीनं पाइप आणखी जरासा वळवला आणि सवयीनंच हाक दिली.

"आलं का?"

"आलं!" खालून काकूंचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पूर्वीचा. "आलं, आलं! उतरा!"

काकांचा हात तिथल्या तिथे थांबला. डोळे भरून आले, इतके की नट दिसेना. उतरा म्हणाली! नुसतं चित्र नाही दिसलं तिला, वर कोण आहे ते कळलंय! त्यांनी पान्ह्यानं नट आवळला, पुन्हा आवळला, टाकीच्या माथ्यावर बसून दोन मिनिटं रडून घेतलं आणि मग एक एक पायरी मोजत खाली आले. शिडी सोडून अंगणात आणली, दोरी गुंडाळली. अंगणातल्या नळावर हात धूत असतानाच फाटक वाजलं. मुलगी आली होती. सात व्हायला पाच मिनिटं होती.

"शिडी कशाला काढलीय?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"रागाव हवी तेवढी," कुलूप उघडताना काका म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पण आधी आत चल. तिनं मला हाक मारली. मला! उतरा म्हणाली."

दोघं आत आली. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर डब्बा चालू होता आणि त्यावर काठोकाठ मुंग्या वळवळत होत्या.

"बाबा, चित्र कुठंय?" मुलगी हळूच म्हणाली.

काकांनी डब्ब्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "अगं, तू आलं म्हणालीस ना?"

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. घरी कामाला आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं त्या म्हणाल्या, "हो, म्हणाले."

"मग? आलंय कुठं?"

"नाहीच आलं." मग त्या थोड्या पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. "तुम्ही त्यांच्याच धंद्यातले दिसता. त्यांना सांगू नका हं. मी नेहमी आलंच म्हणते. नाही म्हटलं की ते आणखी वर थांबतात. त्यांचा जोडीदार असाच गेला. तेव्हापासून मी ठरवलंय, एकदोन हाका झाल्या की आलं म्हणून टाकायचं. मुंग्या तर मुंग्या. माणूस खाली आला म्हणजे झालं."

काकांना आत्ता कळलं. घराची जागा खोलगट नव्हती, लहरी पोचत नव्हत्या असंही नव्हतं. एवढी वर्षं त्यांना खाली आणण्यासाठी ही बाई रोज संध्याकाळी अर्धवट चित्र बघत राहिली आणि एका शब्दानं बोलली नाही. तिला हे आठवत होतं. पाळण्यातल्या मुलीचं नाव गेलं, नवऱ्याचा चेहरा गेला, आणि नवऱ्याची काळजी तेवढी जागच्या जागी राहिली.

काकू पुन्हा टीव्हीकडे वळल्या. कपाळाला आठी पडली. "अजून मुंग्याच आहेत. म्हणजे वरच आहेत ते. आलं म्हटलं तरी उतरले नाहीत." त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. "बघून येते."

"आई, बस ना," मुलगी म्हणाली.

"मी उतरलोय," काका पुढे आले. "अगं, हा काय मी. बघ माझ्याकडे. हे हात बघ, टेपचा डिंक लागलाय अजून."

काकूंनी त्यांचे हात खरंच निरखून पाहिले. पांढरे केस पाहिले. "तुम्ही बसा हं," त्या म्हणाल्या. "ते उतरले की चहा टाकते." आणि त्यांना वळसा घालून दाराकडे गेल्या.

फाटक उघडंच होतं. काकूंनी अंगण ओलांडलं, रस्त्यात शिरल्या आणि बरोबर मधोमध जाऊन थांबल्या. टाकीचा माथा तिथूनच दिसतो, अलीकडून घराची भिंत आड येते. हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं. चार दिवस ती पाखरं बघत नव्हती.

काका धावत जाऊन त्यांच्याजवळ उभे राहिले आणि येणाऱ्या गाडीला त्यांनी हात दाखवला. गाडी थांबली.

"अहो!" काकू रिकाम्या टाकीकडे बघून ओरडल्या. "आलंय, उतरा आता! अहो!"

"उतरलो गं," काका शेजारून म्हणाले. "कधीचा उतरलो."

काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा आवाज वरून यायला हवा होता. काकांच्या मनात आलं, जावं पुन्हा वर आणि तिथून ओ द्यावी, मग तरी ती ओळखेल. पण आपण वर गेलो की ही इथं रस्त्यात एकटी उभी राहणार. आणि खाली राहिलो की आपण कुणीच नाही. उद्या चित्र लागलंही असतं. पण कधीतरी वारा सुटणारच, वीज जाणारच, आणि ही मुंग्या दिसल्या की इथं येऊन उभी राहणारच. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सुरक्षित कसं राहायचं ते शिकवलं. त्यातलं काही इथं लागू पडत नव्हतं.

मुलगी फाटकात उभी होती. तिनं काकांना त्यांच्या कबुलीची आठवण करून दिली नाही. ती रडत होती.

"सकाळची वाट बघू नको," काका तिला म्हणाले. "आत्ताच कळव त्यांना. उद्या घेऊन येतो म्हणावं. आणि सांग, तिथं टीव्ही बंद पडू देऊ नका."

मुलीनं फोन काढला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. काकांनी एक हात गाडीला दाखवत दुसऱ्या हातानं काकूंचा दंड धरला. तो काकूंनी हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा वर बघून हाक मारली.